हरणाच्या केसांचा पॉपर: अंग घट्ट होत नाही, सल्ला हवा

सेंटक्रॉयकाठी

मंडळी, मी मिनेसोटात असतो. स्मॉलमाउथ बास या माशासाठी फोमचे पॉपर (पाण्यावर तरंगत 'ब्लूप' आवाज करणारं, गळावर बांधलेलं खोटं आमिष) बांधतो, त्यात हात बसलाय. या हिवाळ्यात हरणाच्या केसांचे पॉपर शिकायला घेतले आणि घोडं अडलं. पहिली जुडी गळाच्या दांडीवर मस्त फुलते. दुसरी-तिसरी लावेपर्यंत मध्ये फटी दिसायला लागतात. भादरून झाल्यावर चिमटीत धरून पिळलं, तर अख्खं अंग दांडीभोवती गरागरा फिरतं. दोरा ६/० चा, म्हणजे बारीक आहे, जोर लावला की तुटतो. केस दुकानातल्या पाकिटातले, त्यावर नुसतं 'डिअर हेअर' लिहिलंय. व्हिडिओ पुष्कळ पाहिले, पण त्या लोकांचे हात इतके भराभर चालतात की नेमकं काय कुठे दाबलं ते कळत नाही. कोणी बांधत असेल तर जरा सविस्तर सांगा. आणि केस दाबायचा तो पॅकर विकत घ्यावा का?

गरीवाला

पॅकर नंतर घ्या, आधी पाकीट बदला. 'डिअर हेअर' या नावाखाली काय वाट्टेल ते विकतात. ड्राय फ्लायचे (पाण्यावर तरंगणाऱ्या छोट्या खोट्या माशीचे) पंख करायला जे बारीक, आखूड केस वापरतात ते फुलतच नाहीत आणि दाबले तरी भरत नाहीत. पॉपरला व्हाइटटेल हरणाच्या पोटाचे केस हवेत, पाकिटावर 'बेली हेअर' लिहिलेले. जाड, लांब आणि मुळात पांढरे, त्यामुळे रंगही झगझगीत चढतो.

या केसात आत हवेचे बारीक बारीक कप्पे असतात. दोरा आवळला की त्या जागी कप्पे चेपतात, केस तिथेच मुडपतो आणि दोन्ही टोकं वर उभी राहतात. फुलणं म्हणतात ते एवढंच. त्याच हवेमुळे पॉपर तरंगतो. हिवाळी अंगावरचा केस असा पोकळ असतो, उन्हाळ्यातला तांबूस केस बारीक असतो, तो कामाचा नाही. पाकीट उघडलंत की एक केस मुळाकडे नखाखाली दाबून बघा. तिथे मुडपून उभा राहिला तर चांगला. शेंड्याकडे बघू नका, शेंडा फारसा पोकळ नसतो, म्हणून तो फुलतही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे केसांच्या बुडाशी असलेली लव. ती काढल्याशिवाय घट्ट अंग होणे नाही. उवा काढायची बारीक दातांची फणी असते ना, ती घ्या. जुडी शेंड्याकडून धरा आणि बुडाकडून लव निघेपर्यंत विंचरा. आखूड केसही त्यातच गळून जातात. निम्मे लोक इथे कंटाळा करतात आणि मग दोऱ्याला बोल लावतात. ती लव दोऱ्याखाली गादीसारखी बसते, तुम्ही कितीही ओढा, दाब केसांपर्यंत पोचत नाही.

दोरा मात्र तुमचा खरंच चुकीचा आहे. जीएसपी म्हणून पॉलिएथिलीनचा मजबूत दोरा मिळतो तो घ्या, २०० डेनियरचा (डेनियर म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप). तुटायचा नाही, तुमचं बोट कापेल. फार सुळसुळीत असतो, म्हणून मेण लावून वापरा. तो कापायला जुनी कात्री ठेवा, चांगल्या कात्रीची धार जाते. शिकेपर्यंत २१० डेनियरचा मेण लावलेला चपटा नायलॉनही चालतो आणि स्वस्त पडतो. शेपटीची पिसं आणि रबरी पाय नेहमीच्या बारीक दोऱ्यानेच बांधा, अंगाला सुरुवात करताना दोरा बदला.

आता हात. जुडी पेन्सिलीएवढी जाड, त्याहून जास्त नको. जास्त केस घेतले की अंग जास्त घट्ट होईल असं वाटतं, पण मधले केस दोऱ्याच्या तावडीत येतच नाहीत. दोन वेढे सैल घ्या. तिसरा वेढा घेता घेता ओढा आणि ओढतानाच चिमूट हळूहळू सोडा, जुडी आपसूक दांडीभोवती फिरते. मग दोरा फुललेल्या केसांतून पुढे आणा, पण सरळ आणू नका. बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरायचं साधन) डावी-उजवीकडे हलवत आणा, म्हणजे केस दोऱ्याखाली आडवे पडत नाहीत. पुढे आल्यावर सगळे केस मागे धरा, त्यांच्या पायाशी तीन-चार वेढे कचकचीत घ्या, एक हाफ हिच (साधी अर्धी गाठ) मारा. आणि प्रत्येक जुडीनंतर दाबा. तीन जुड्या लावून एकदम दाबू म्हटलं की तुमच्यासारख्या फटी पडतात. दाबताना मागच्या बाजूला अंगठा आणि तर्जनीचा टेका द्या, नाहीतर शेपटीसकट सगळं गळाच्या वाकाकडे घसरतं.

सुईदोरा

गरीवाल्यांशी बाकी सहमत, पण दादा, पॉपरला केस फिरवायचेच कशाला? फिरवलेलं अंग एकाच रंगाचं असेल तर ठीक. पोट पिवळं, पाठ हिरवी, वर काळे ठिपके असं काही करायचं असेल तर जुड्या एकीवर एक रचाव्या लागतात. आधी दांडीवर दोऱ्याचा एक थर द्या. पोटाची जुडी खालून लावा आणि फिरू न देता आवळा, मग पाठीची वरून. ठिपका हवा असेल तर वरच्या जुडीच्या मधोमध वेगळ्या रंगाची छोटी चिमूट ठेवून एकत्र आवळा. दोऱ्याच्या थरामुळे अंग दांडीवर फिरत नाही, तुमची निम्मी तक्रार तिथेच मिटते. उरलेलीसाठी प्रत्येक जुडी दाबण्याआधी दांडीवर पातळ सुपरग्लूचा जेमतेम एक थेंब. जास्त झाला तर केसांत वर चढतो, तिथे दगड होतो आणि पातं अडकतं.

सेंटक्रॉयकाठी

दोघांचेही आभार. लव काढायचं कोणीच सांगितलं नव्हतं. पाकीट आणि दोरा मागवले. आता भादरण्याबद्दल सांगा. मी कात्रीने करतो आणि एक बाजू नीट करायला गेलो की दुसरी बाजू मोठी वाटते. असं करत करत शेवटी वाटाण्याएवढा पॉपर उरतो.

सुईदोरा

कात्री फक्त ओबडधोबड कापायला. आकार दाढीच्या दुधारी पात्यानेच येतो. पातं कागदाच्या वेष्टनातच ठेवून लांबीत दोन तुकडे करा, डोळ्यांवर चष्मा हवाच. अर्धं पातं अंगठा आणि मधल्या बोटात धरून किंचित वाकवलं की हवी तशी गोलाई मिळते.

पहिला काप नेहमी पोटाचा. गळ उलटा लावा, नेढ्याकडून वाकाकडे एकाच झटक्यात, सपाट, दांडीला जवळजवळ घासून. दोरा कापला जाईल अशी भीती वाटते आणि म्हणून लोक पोटाला केस ठेवतात. पण पोटाला केस राहिले की गळाचं टोक आणि अंग यांत जागाच उरत नाही, मासा तोंड मारतो आणि सुटून जातो. शिवाय हा सपाट काप तुमची मोजपट्टी. दोन्ही कडा त्यावरून ठरवा, पाठ सर्वांत शेवटी. वाटाण्याची भानगड मग होत नाही.

रबरी पाय आणि शेपटी आधी स्ट्रॉच्या तुकड्यात खोचून ठेवा. ओबडधोबड आकार आला की गळ चिमट्यात धरून किटलीच्या वाफेवर काही सेकंद फिरवा. दबलेले, आडवे पडलेले केस उभे राहतात. मग नवं पातं घेऊन शेवटचा हात. पात्यात कंजुषी नको, बोथट पातं केस कापत नाही, उपटतं.

पाणकोंबडा

तोंडाबद्दल कोणी बोललं नाही. नेढ्याच्या मागे वरून खाली सरळ, चपटं कापा आणि त्यावर लवचीक यूव्ही रेझिन (यूव्ही प्रकाशाने घट्ट होणारं) किंवा पातळ हेड सिमेंटचा (गाठींवर लावतात त्या गोंदाचा) एक हात द्या. नाहीतर थोड्या वेळात पुढचे केस पाणी पितात आणि 'ब्लूप' आवाज बसतो. पोटावरही हलका हात चालेल. सगळ्या अंगाला मात्र लावू नका. केसांचा पॉपर पाण्यावर अलगद पडतो आणि तोंडात मऊ लागल्यामुळे बास तो पटकन थुंकत नाही, त्यासाठी तर एवढा खटाटोप. अख्खा रेझिनमध्ये बुडवायचा तर फोमचाच बरा होता.

गळ कोणता ते तुम्ही लिहिलं नाहीत. स्टिंगर प्रकारचा रुंद तोंडाचा घ्या, गॅमाकात्सू बी१०एस किंवा टीमको ८०८९. साध्या गळावर असं जाडं अंग बांधलं की टोक झाकलं जातं. नेढ्यामागे दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर शेवटची गाठ मारायला जागा राहत नाही.

आणि मिनेसोटात आहातच तर पॉपर जमल्यावर डालबर्ग डायव्हर करून बघा. तुमच्याकडच्याच लॅरी डालबर्गने काढलेलं आमिष. बांधणी हीच, फक्त मागे केसांची कॉलर ठेवायची आणि तोंड टोकदार कापायचं. ओढला की बुडतो, थांबलात की वर येतो. माझ्या मते पॉपरपेक्षा सोपा, कारण कॉलरमागे थोड्या चुका लपतात.

जिताडाप्रेमी

धागा छान चाललाय. मी अलिबागचा. इथे खाडीत जिताडा आणि तळ्यात मरळ, दोन्ही वरच्या पाण्यात पॉपर घेतात. हे केस भारतात कुठे मिळतील? गावाकडे कोणाकडे जुनं चितळाचं कातडं असतं, त्यातले चालतील का?

गरीवाला

भाऊ, त्या कातड्याला हातसुद्धा लावू नका. चितळ, सांबर, भेकर सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि त्यांचं कातडं काय, गळून पडलेलं शिंगसुद्धा घरात ठेवणं गुन्हा आहे. इथे अमेरिकेत व्हाइटटेलची परवान्याने शिकार होते, म्हणून पाकिटं उघड विकतात. नात्यातल्या कोणाला बॅगेतून आणायलाही सांगू नका, विमानतळावर अडकतील.

मरळीला फोमच उत्तम. शाळेच्या हस्तकलेच्या दुकानात ईव्हीए फोमचे रंगीत शीट मिळतात, दोन-तीन एकावर एक चिकटवून पात्याने कापा. शेपटीला गावठी कोंबड्याच्या मानेची लांब पिसं, ती चिकनवाल्याकडे फुकट मिळतील. मरळ शेवाळात बसते, म्हणून वीड गार्ड (गळाचं टोक शेवाळात अडकू न देणारी आड) लागणारच. २० पाउंडी मोनोची (एकपदरी नायलॉनची) एक तार सर्वांत आधी गळाच्या वाकावर बांधून मागे सोडा, पॉपर पूर्ण झाला की ती खालून पुढे आणून नेढ्यामागे अडकवा. टोकाच्या किंचित खालून गेली पाहिजे. फार ताठ ठेवलीत तर मरळही अडकणार नाही.

जिताडाप्रेमी

समजलं, कातड्याचा विषय बंद. उद्या चिकनवाल्याकडे जातो. पिसं उकळत्या पाण्यातून काढलेली असतात, ती चालतील ना?

सुईदोरा

नको, उकळत्या पाण्यातली पिसं चुरगळतात. सोलायच्या आधीच मानेची सुकी मागून घ्या. घरी आणल्यावर कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून धुवा आणि कागदावर सावलीत वाळवा. फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवून मग डब्यात भरा, नाहीतर कसर लागून बाकीचं सामानही जाईल.