चर्चच्या ‘ॲप्स’ला गाभारा म्हणावं का?

पागोळी:
स्पेनच्या कॅटलोनियात, पिरेनीज डोंगरातल्या बोई खोऱ्यात ताऊल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या सांत क्लिमेंत चर्चवर मराठीत लिहायला बसले आणि तिसऱ्याच ओळीत अडकले. इतिहास सोपा आहे. १० डिसेंबर ११२३ रोजी बिशप रामोन यांनी ते चर्च देवाला अर्पण केलं. तशी नोंद आतल्या एका खांबावरच रंगवलेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच गावातलं सांता मारियाचं चर्चही उरकलं. (एवढ्याशा गावात लागोपाठ दोन! बिशपना डोंगर पुन्हा चढायचा नसावा, असा माझा अंदाज.)

अडचण बांधणीची आहे. लोक जमतात त्या आतल्या लांबट भागाला, म्हणजे ‘नेव्ह’ला, काय म्हणू? पूर्वेकडच्या अर्धगोल ‘ॲप्स’ला काय? तिथे ख्रिस्ताच्या चित्राभोवती असलेल्या बदामी आकाराच्या ‘मँडोर्ला’ला काय? ॲप्सला मी तूर्त ‘गाभारा’ लिहिलंय.

दुपाखी:
नेव्हपासून सुरू करू, कारण त्यात गंमत आहे. लॅटिन ‘नाविस’ म्हणजे जहाज. आपली ‘नौ’, ‘नौका’, ‘नाव’ त्याच घराण्यातली. कॅटलानमध्ये ‘नाउ’ म्हणजे जहाजही आणि चर्चचा हा भागही. तुमच्या चर्चला असे तीन भाग, म्हणजे अक्षरशः ‘तीन नावांचं चर्च’ म्हणता येईल, पण वाचक लगेच विचारेल, कुठली तीन नावं?

छपराचं वर्णन कसं केलंय तुम्ही? फोटोत तरी मला सरळ आपलं दुपाखी दिसतंय.

पागोळी:
‘गेबल पद्धतीचं लाकडी छप्पर’ असं लिहिलं होतं. खोडते! दुपाखीच आहे ते. आत लाकडी सांगाडा, वर पाटीचा दगड. तिन्ही भाग त्या एकाच छपराखाली येतात, मध्ये भिंती नाहीत, नुसत्या गोल खांबांच्या दोन रांगा.

दुपाखी:
मग ‘दालन’ नको, दालन म्हटलं की भिंती डोळ्यांपुढे येतात. आमच्या कोकणातल्या घरात मधला भाग उंच आणि तेच छप्पर उतरत उतरत दोन्ही बाजूंच्या पडव्यांवर येतं. मी तर ‘मधला सोपा आणि दोन बाजूंच्या पडव्या’ असं लिहीन. ‘पार्श्ववीथी’ वगैरे संस्कृत टाकसाळीतली नाणी आहेतच, पण ती बाजारात चालत नाहीत.

बावखल:
पडवी चालेल. गाभाऱ्याला मात्र माझा विरोध.

मी वसईचा, कॅथलिक. आमची आजी रविवारी ‘देवळात’ जायची, म्हणजे चर्चमध्येच. तेव्हा हिंदू शब्द नको वगैरे भानगड नाही. पण गाभारा हा ‘गर्भागार’ आहे. आत अंधार, समई, पुजाऱ्याशिवाय कुणी जायचं नाही. ॲप्सचा शब्द ग्रीक, मूळ अर्थ कमान, चाकाचा घेर. म्हणजे तो नुसता आकार सांगतो, पावित्र्य नाही. पावित्र्य त्याच्यासमोरच्या वेदीचं.

आणि तुमच्याच चर्चचं बघा. ॲप्सच्या मधोमध खिडकी आहे, तोंड पूर्वेला. म्हणजे सकाळचं ऊन वेदीवर. वर ख्रिस्ताच्या हातात उघडं पुस्तक, त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, ‘मी जगाचा प्रकाश आहे’. त्या जागेला गाभारा म्हणणं म्हणजे दिवा लावून खोलीला काळोखी म्हणण्यासारखं झालं.

पागोळी:
हे पटलं. खिडकीचा मी विचारच केला नव्हता.

लेणीवेडा:
कार्ल्याचं चैत्यगृह आठवा. मधे लांबट जागा, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोकाला अर्धगोल आणि तिथे स्तूप. आपण तिथे ‘चापाकृती’ म्हणतो. फरक एवढाच की चैत्यात स्तूपाला मागून प्रदक्षिणा घालता येते, ताऊलला वेदीमागे थेट भिंतच. मी ‘चापाकृती टोक’ सुचवतो.

दुपाखी:
‘टोक’ म्हटलं की पेन्सिल आठवते. ‘अर्धगोल कोनाडा’ म्हणा. मोठा असला तरी कोनाडाच तो.

बावखल:
थोडं विषयांतर. चर्चसाठीचा ‘इगर्जी’ हा शब्द कुणी आणला नाही अजून! पोर्तुगीज ‘इग्रेजा’, कॅटलान ‘एस्ग्लेझिया’, दोन्ही लॅटिन ‘एक्लेसिया’ची पोरं, मूळ ग्रीक अर्थ सभा, जमलेले लोक. ‘चर्च’ मात्र ‘प्रभूचं’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं. आणि ‘देऊळ’ म्हणजे देवकुल, देवाचं घर. म्हणजे अर्थाने चर्च हे देवळाच्या जवळचं, इगर्जी सभेच्या जवळची. आजी बरोबरच बोलत होती.

लेणीवेडा:
मँडोर्लाला ‘प्रभावळ’. दुसरा शब्द शोधूच नका. तेजोवलय फक्त डोक्यामागे असतं, प्रभावळ अख्ख्या मूर्तीमागे उभी राहते. इटालियन शब्दाचा अर्थ बदाम, तेव्हा ‘बदामी प्रभावळ’.

पागोळी:
घेतली! आता शेवटचा काटा. ही मूळ चित्रं आज ताऊलला नाहीत, बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहेत. कॅटलोनियातल्याच मूर इथल्या चर्चमधली चित्रं विकली गेली (ती पुढे बोस्टनला पोचली), तेव्हा बार्सिलोनाचे लोक जागे झाले आणि १९१९ ते १९२३ या काळात खोऱ्यातली चित्रं उतरवून घेतली. चित्रावर सरसाने कापड चिकटवायचं, वाळलं की ओढायचं. रंगाचा पातळ थर कापडाबरोबर सुटून येतो. इटालियनमध्ये ‘स्त्राप्पो’. ‘खरवडून काढली’ चुकीचं, ‘काढून नेली’ फारच मोघम.

दुपाखी:
‘सोलून काढली’. उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी.

बावखल:
बटाटा नको, पण सोलणंच बरोबर. भिंतीला लागलंही असणार ते.

पागोळी:
मग वाक्य असं झालं: ‘दुपाखी छपराखाली मधला सोपा, दोन बाजूंना पडव्या आणि पूर्वेला वेदीमागे अर्धगोल कोनाडा, त्यातला बदामी प्रभावळीतला ख्रिस्त भिंतीवरून सोलून बार्सिलोनाला नेला.’ घंटेच्या मनोऱ्याचे सहा मजले अजून बाकी आहेत, त्याच्या कमानींच्या पट्ट्यांसाठी उद्या पुन्हा येते.

लेणीवेडा:
मनोरा म्हणजे दीपमाळ नव्हे, एवढं आधीच सांगून ठेवतो.