मदत हवी आहे: दहावीच्या वर्षात मुलीचं पळणं बंद करावं का? (जि. लातूर)

औशाची_आई

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मुलगी यंदा दहावीत गेली. नववीला 93 टक्के. आणि ती 800 मीटर पळते. मागच्या हंगामात तालुक्याला पहिली, जिल्ह्याला पहिली, विभागाला तिसरी. राज्याचं थोडक्यात हुकलं. विभागाला वेळ लागला 2 मिनिटं 34 सेकंद. हे कितपत बरं आहे ते जाणकारांनी सांगावं. आमच्या घराण्यात म्हैस दावं तोडून गेली तरच कुणीतरी पळतं.

आम्ही औसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. शाळा औशाला. शाळेचं मैदान मुरमाचं. तिचा मामा बांधकामाच्या लाईनीत आहे, त्यानं एकदा टेप लावून मैदानाची फेरी मोजली, तर सगळे जिला 400 ची फेरी म्हणायचे ती निघाली 360. म्हणजे पोरगी दोन फेऱ्या मारून 800 झालं म्हणून खूश व्हायची, ते 720 च होतं. त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मामाकडूनच पुढचे 80 मीटर मोजून घेतले, तिथं विटेचा तुकडा ठेवला आणि तेव्हापासून विटेपर्यंत पळते.

आता सगळे एकच म्हणायलेत, "दहावी आहे, पळणं बंद करा." क्लासचे सर म्हणाले, "ताई, पंच्याण्णवच्या पुढं जायचं असेल तर ग्राउंड विसरा." सासूबाईंना टक्क्यांचं काही नाही, त्यांना चड्डीचं दुःख. जाऊबाई म्हणतात, काळी पडली पोरगी. नवरा म्हणतो, "तूच ठरव." म्हणजे उद्या काही कमी-जास्त झालं की माझ्याच नावावर.

मी तिचा दिवस कागदावर मांडला. पहाटे साडेपाच ते पावणेसात पळणं. नऊची एसटी, कारण पुढच्या गाडीनं शाळा बुडते. पाचला शाळा सुटते, साडेपाच ते साडेसात क्लास, घरी यायला साडेआठ. शनिवार-रविवार लातूरला नीटची फाउंडेशन बॅच, तिथं अख्खा दिवस. अहिल्याबाई होळकर योजनेचा पास आहे, शाळेच्या तिकिटाला पैसे पडत नाहीत. वेळ मात्र पडतो. पळण्यात जातो सव्वा तास. स्टँडवर, गाडीत आणि क्लासमध्ये त्याच्या कितीतरी पट. तरी कापायचं म्हटलं की सगळ्यांचं बोट त्या सव्वा तासाकडंच का जातं?

आणखी एक. अलीकडं ती लवकर थकायलीय. शेवटच्या 200 मीटरला पायच उचलत नाहीत म्हणते. रात्री पुस्तक घेऊन बसली की पेंगते. सर म्हणतात हे पळण्यानंच. मला पटत नाही, कारण याहून जास्त पळून ती रात्री दहापर्यंत गणितं सोडवायची, आणि ते फार जुनं नाही.

ज्यांच्या घरात असं लेकरू होतं किंवा जे स्वतः असे होते, त्यांनी सांगा, दहावीचं कसं निभावलं? आणि खेळाच्या वाढीव गुणांचं नेमकं कसं असतं? शाळेत विचारलं की "बघू नंतर".

हिशेबी

कटू बोलतो, राग मानू नका. थांबवा. एकाच वर्षाचा प्रश्न आहे. नीटला कुणी 800 मीटर पळायला लावत नाही. अकरावीचा पाया नववी-दहावीतच पडतो, तो कच्चा राहिला तर बारावीनंतर रिपीटर बॅचला दोन वर्षं जातात. असे घरातलेच नमुने बघितलेत.

मांजराकाठचा

@हिशेबी, नीटला दहावीचे टक्केही कुणी विचारत नाही. मग ते पंच्याण्णवचं भूत कशाला?

आमच्या लातूरची गंमत बघा. 2025 च्या दहावीला राज्यात 211 पोरांना 100 टक्के पडले, त्यातले 113 एकट्या लातूर विभागातले. बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे सगळ्यात जास्त गुणांचे पाचच विषय, आणि वरून क्रीडा नाहीतर कलेचे गुण, असं धरूनच बहुतेकदा ही शंभरी भरते. खेळाचे गुण सगळ्यांना पाहिजेत, खेळणारं लेकरू मात्र डोळ्यांत खुपतं. तुमची पोरगी खरंच पळते हो, तिला कशाला थांबवता?

आणि डॉक्टरकीच्या पलीकडंही जग आहे. आयआयटी मद्रासनं 2024 पासून खेळाडूंसाठी बीटेकच्या प्रत्येक शाखेत दोन जादा जागा ठेवल्यात, त्यातली एक मुलीसाठी. अट कडक आहे. राष्ट्रीय पातळीवरचं पदक लागतं आणि जेईई अ‍ॅडव्हान्स्डही पास व्हावी लागते. पण अशी दारं आता उघडायलीत एवढंच सांगायचं होतं.

पीटीवाले_गुरुजी

ताई, मी शाळेत पीटी शिकवूनच निवृत्त झालो, म्हणून सविस्तर लिहितो.

मुरमावर सराव करून, धड कोच नसताना पंधराव्या वर्षी 2:34 ही चांगली वेळ आहे. राष्ट्रीय पातळी अजून लांब आहे, पण लेकरात दम आहे.

खेळाचे गुण पातळीप्रमाणे कमी-जास्त मिळतात. वरची मर्यादा 25, ती आंतरराष्ट्रीय पातळीला. प्रस्ताव शाळेनं करायचा, तो जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून तपासून बोर्डाकडे जातो. पालकानं परस्पर बोर्डात जाऊन काही होत नाही. घोटाळा होतो तो प्रमाणपत्रातल्या नावात. प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरं, शाळेच्या जनरल रजिस्टरला तिसरं. आत्ताच सगळी प्रमाणपत्रं काढून स्पेलिंग जुळवा. दहावीत मैदानात उतरलीच नाही तर नववीच्या कागदांवर विसंबू नका. म्हणजे निव्वळ गुणांचा विचार केला तरी "दहावीत खेळ बंद" हा सल्ला तोट्याचाच.

आता सराव. रोज जीव तोडून पळायची गरज नाही, तुमची मुलगी बहुधा तेच करते. आठवड्यात दोनच दिवस जोराचे. एक दिवस 300 मीटरच्या चार-पाच धावा, मधे पूर्ण विश्रांती. एक दिवस 150 च्या वेगवान धावा. दोन दिवस गप्पा मारता येतील इतक्या सावकाश पळायचं. एक दिवस पोट-पाठ-मांड्यांचे व्यायाम. बाकी दोन दिवस झोपू द्या. शालेय स्पर्धा साधारण दिवाळीच्या आगेमागे उरकतात. सराव परीक्षा जवळ आली की आठवड्याला तीनच दिवस, अर्धा-पाऊण तास, पण त्यात थोडा वेग ठेवायचा. दम तेवढ्यानं टिकतो. मार्चमध्ये पेपर संपले की मोकळं मैदान आहेच.

घाई कसलीच नाही. 2023 ला हांगझोऊला आशियाई स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, सुवर्ण जिंकणारा अविनाश साबळे आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला. तो शर्यतीच्या पळण्यात आला सैन्यात गेल्यावर. पंधराव्या वर्षी हुकलेलं राज्य म्हणजे शेवट नव्हे.

डॉक्टरीणबाई

सगळे टक्क्यांवर आणि सरावावर बोलतायत. मला तो थकवा महत्त्वाचा वाटतो.

ताई, पहाटे पळायला काय खाऊन जाते? पाळी नियमित आहे का, अंगावर जास्त जातं का?

औशाची_आई

चहा आणि खारी. कधी कधी नुसता चहा. आल्यावर अंघोळ, आवराआवर, मग साडेआठला भाकरी-भाजी, तीही निम्मी, वर परत चहा. डब्यातली भाकरी कधी कधी तशीच परत येते, क्लासच्या आधी खायला वेळ नसतो म्हणते. पाळी नियमित आहे, पण पहिले दोन दिवस खूप जातं.

डॉक्टरीणबाई

मग आधी रक्ताच्या दोन तपासण्या करून घ्या, सीबीसी आणि फेरिटिन. सीबीसीत हिमोग्लोबिन कळतं. या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी. फेरिटिन म्हणजे शरीरात साठलेलं लोह. ते हिमोग्लोबिनच्या आधी घसरतं, म्हणून दोन्ही बघायचं. पाळीत जास्त जाणं, वाढीचं वय, त्यात रोजचा घाम आणि अपुरं खाणं, असं असलं की 800 च्या शेवटच्या 200 मध्येच ते उघडं पडतं. पाय उचलत नाहीत, रात्री पेंग येते, लक्ष लागत नाही. आई म्हणते आळशी झाली, सर म्हणतात पळणं बंद करा, आणि रक्त कुणीच तपासत नाही.

जेवणासोबतचा चहा आजपासून बंद, मधे तासभर तरी जाऊ द्या. चहानं जेवणातलं लोह अंगी लागत नाही. पळायच्या आधी एक केळ किंवा शेंगदाण्याचा लाडू, आल्यावर अर्ध्या तासात पोटभर खाणं. वरण, मटकी, पालेभाजी, वर लिंबू पिळून. अंडी-मटण चालत असेल तर उत्तमच. नुसत्या गूळ-शेंगदाण्यावर मात्र मोठी कमतरता भरून निघत नाही. रिपोर्ट बघितल्याशिवाय मनानं गोळ्या सुरू करू नका. आणि पुढं कधी पाळी तीन-तीन महिने आलीच नाही, तर "पळते म्हणून असेल" असं म्हणून सोडून देऊ नका. खेळणाऱ्या मुलींमध्ये ती कमी खाण्याची खूण असते, लगेच दाखवायचं.

धाराशिवची

काकू, मी खो-खो खेळत दहावी-बारावी केली, आज क्रीडा कोट्यातून सरकारी नोकरीत आहे. खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्याला ठरलेल्या पातळीचं यश लागतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी लागते. गुरुजी म्हणतात ते नावाचं आत्ताच मनावर घ्या, मला एका काना-मात्रेनं चपला झिजवायला लावल्या.

आमच्याकडं लोकांची तोंडं बंद झाली ती सारिका काळेताईंमुळं. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या कप्तानीखाली सुवर्ण आलं, 2020 ला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यानंतर चड्डीवर बोलणाऱ्याच बायका आपल्या नातींना मैदानावर सोडायला यायला लागल्या. तुमच्या सासूबाईंना एकदा स्पर्धा बघायला न्या. माझी आजी पंचांशी भांडून आली होती.

एक कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. तिच्याकडं धड स्पोर्ट्स ब्रा आहे का? साध्या ब्रेसियरवर 800 पळणाऱ्या पोरी मी बघितल्यात. खांदे पुढं वाकवून पळतात, हात मोकळे सुटत नाहीत, आणि लाजेनं सांगतही नाहीत. लातूरला चांगल्या दुकानात घालून, जागेवर उड्या मारून बघून घ्या. दोन घ्या.

अभ्यासाचं म्हणाल तर माझी बीजगणिताची सूत्रं वॉर्म-अपच्या फेऱ्यांमध्येच पाठ झाली. एक मैत्रीण विचारायची, मी सांगायची, चुकलं की एक फेरी जास्त.

औशाची_आई

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन 10.2, फेरिटिन 7. डॉक्टरांनी गोळ्या आणि जंताचं औषध दिलंय, पाळीसाठी वेगळं दाखवायला सांगितलंय. "पळू नको असं नाही, तूर्त शर्यतीचा जोर नको," म्हणाल्या. गोळीनं पोटात मळमळतं आणि संडास काळी होते म्हणून लेक घाबरली होती.

स्पोर्ट्स ब्रा नव्हती. विचारलं तर मान खाली घातली. आणली.

आता गाडी अडलीय लातूरच्या बॅचवर. वर्षाची फी एकरकमी भरलीय, परत मिळणार नाही म्हणतात. ती सोडली तर अख्खे दोन दिवस मोकळे होतात, पण पैसे बुडतात. नवरा इथं मात्र ठाम आहे, "भरलेत तर जाऊ दे."

डॉक्टरीणबाई

काळी होणारच, लोहाच्या गोळीनं होतेच. मळमळतंय तर रात्री जेवणानंतर घ्यायची का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण बंद करू नका. बरं वाटायला लागलं की पोरी गोळ्या सोडतात. हिमोग्लोबिन 12 झालं तरी साठा भरायला पुढं तीनेक महिने लागतात.

हिशेबी

मीच वर थांबवा म्हणालो होतो. पण आता हिशेबाचंच बोलू. फी गेली ती गेली. ती बॅचला जाऊनही परत येणार नाही आणि न जाऊनही नाही. त्यासाठी वर्षभराचे शनिवार-रविवार वर घालायचे का, एवढाच प्रश्न उरतो. दहावीच्या पोरीला नीटची फाउंडेशन नसली तरी चालतं, झोप नसली तर चालत नाही. साहेबांना सांगा, बॅचच्या छापील नोट्स घरी आणा आणि सुट्टीत वाचू द्या. तेवढीच वसुली.

मांजराकाठचा

@हिशेबी, तुमच्याकडून हे ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

औशाची_आई

नवऱ्याला हा प्रतिसाद वाचून दाखवला. काही बोलला नाही, पण संध्याकाळी नोट्स आणायला कोण जाणार ते विचारत होता. शनिवार-रविवार बंद. औशाचा क्लास चालू ठेवतोय, गणिताचे सर चांगले आहेत. सासूबाईंना स्पर्धेला न्यायचं ठरलंय, त्या अजून हो म्हणाल्या नाहीत.

गुरुजी, एकच विचारते. जिल्हा स्पर्धा आणि पहिल्या सत्राची परीक्षा एकाच आठवड्यात आली तर? मागच्या वर्षी एका पोरीचा पेपर बुडाला आणि शाळेनं शून्य धरलं.

पीटीवाले_गुरुजी

आधी अर्ज द्या, नंतर नाही. स्पर्धेच्या तारखा कळल्या की त्याच दिवशी. त्यात तारीख, खेळ आणि वयोगट 17 वर्षांखालील मुली असं स्पष्ट लिहा, स्पर्धेच्या पत्राची झेरॉक्स जोडा आणि बुडणारा पेपर नंतर घ्यावा अशी विनंती करा. आधी लेखी दिलेलं असलं की शाळा सहसा मोडता घालत नाही.

औशाची_आई

अर्ज वर्गशिक्षकांच्या नावानं की मुख्याध्यापकांच्या?

पीटीवाले_गुरुजी

मुख्याध्यापकांच्या. दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. ती पोच खेळाच्या प्रमाणपत्रांच्या फाइललाच लावून ठेवा.