टॅली क्लाऊडवर न्यावं का? ६ जण वापरतात, बजेट वर्षाला ४० हजार

गणपतीपेठ_सांगली
नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं पाईप-फिटिंगचं होलसेल दुकान आहे, सहा जण टॅलीवर, म्हणजे हिशेब-बिलाच्या सॉफ्टवेअरवर बसतात. २०१९ च्या पुरात खाली ठेवलेला सर्व्हर बुडाला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, दुकानात पाच दिवस पाणी. सीएकडे मे महिन्यापर्यंतचा डेटा होता, पुढचं सगळं ओली बिलं पंख्याखाली वाळवून परत भरलं, दिवाळीपर्यंत तेच काम चाललं होतं. २०२१ ला मशीन वेळेत वर नेलं म्हणून वाचलं. आता ते मशीन म्हातारं झालंय. एक जण म्हणतो दीड लाखाचा नवीन सर्व्हर घ्या, दुसरा म्हणतो क्लाऊडवर चला, म्हणजे टॅली त्यांच्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवून नेटवरून वापरायचं, महिना माणशी ६५० अधिक जीएसटी. लाईट आणि नेट दोन्हीचा भरवसा नाही. बजेट वर्षाला ४० हजार, त्यापुढे जमणार नाही. अनुभव असणाऱ्यांनी सांगा.

शिरोली_फौंड्री
दादा, डोळे झाकून क्लाऊडवर जा. आमची अख्खी ईआरपी (खरेदी, स्टॉक, हिशेब सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर) २०२१ ला हलवली, ४५ युजर, तेव्हापासून सर्व्हर रूमचा एसीसुद्धा काढून टाकला. फक्त लीज लाईन (फक्त आपल्यासाठी राखीव नेट) घ्या आणि दुसऱ्या कंपनीचं फायबर स्टँडबाय ठेवा, आणि बाहेरचं कुणी घुसू नये म्हणून चांगला फायरवॉल. हे दुसरं नेट वेगळ्या रस्त्याने येतंय ना ते स्वतः उभं राहून बघा. आमच्याकडे दोन कंपन्यांच्या वायरी एकाच खांबावरून होत्या, जेसीबीने एका झटक्यात दोन्ही तोडल्या, डिस्पॅच दिवसभर बंद.

गणपतीपेठ_सांगली
लीज लाईन ४० हजारात बसंल का?

शिरोली_फौंड्री
नाही बसणार. पण धंद्याच्या गोष्टीत काटकसर करू नये.

लातूर_औषधवाले
मी पण क्लाऊडच सांगेन. आमचा सर्व्हर दुकानातच होता, मुलाला घरून काम करता यावं म्हणून नेटवाल्याने रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट (नेटवरून मशीनमध्ये शिरायचं दार) सरळ उघडा ठेवला, तिथून चोर शिरले, सोमवारी सकाळी येऊन बघतो तर सगळ्या फाईलींची नावं बदललेली आणि पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअप होता हो, पण ती डिस्क कायम मशीनलाच लावलेली, तीही लॉक. नऊ दिवस हाताने बिलं फाडली, एक्स्पायरीचा माल कुठला तेच कळेना. पैसे दिले नाहीत. काम झालं की डिस्क काढून ठेवा, एवढं तरी करा.

न्यूजर्सी_मराठी
एजंटकडून भाड्याने घेण्यापेक्षा मोठ्या क्लाऊड कंपनीकडे स्वतःच मशीन उभं करा ना. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे, हैदराबादचं २०२२ ला आलं, मायक्रोसॉफ्टचं तर पुण्यातच आहे. रात्री नऊला मशीन बंद, सकाळी नऊला चालू, मशीनचं बिल जेवढे तास तेवढंच, डिस्कचं भाडं तेवढं चालू राहतं. मी गेली बारा वर्षं हेच करतो, अवघड काही नाही.

अकोला_सरकी_पेंड
अहो तुम्ही बारा वर्षं करताय म्हणून सोपं. त्यांच्या दुकानात ते रात्री बंद करणार कोण? माझ्या भाच्याने असंच उभं करून दिलं, बंद करायचं राहिलं, तीन महिने बिल भरत बसलो.

न्यूजर्सी_मराठी
त्यासाठी वेळ लावून ठेवता येते, आणि बिल ठरावीक रकमेपुढे गेलं की ईमेल येतो. पहिल्याच दिवशी सेट करायचं असतं.

वर्षा_सीए
एक हिशेब कुणीच केला नाही. ६५० गुणिले ६ गुणिले १२ म्हणजे ४६,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५५,२२४. जीएसटीचं क्रेडिट मिळेल तरी बजेटच्या बाहेरच. शिवाय टॅलीचं मल्टी-युजर म्हणजे गोल्ड लायसन्स या भाड्यात धरलंय का ते विचारा, बहुतेक ठिकाणी ते स्वतःचं लागतं.

सांगली_मार्केटयार्ड
क्लाऊड आता कायद्याने कंपल्सरी झालाय असं आमचा टॅलीवाला सांगून गेला, मग विचार कसला करताय?

वर्षा_सीए
नाही हो, हे सांगून माल खपवतात त्याचा मला फार राग येतो. नियम कंपन्यांसाठी आहे: हिशेब कॉम्प्युटरवर असतील तर रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर हवा, आणि १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर हवं. क्लाऊडवरच काम करा असं कुठेही नाही. प्रोप्रायटर, भागीदारीला हा नियमही नाही. मात्र जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात, ते सगळ्यांना.

नाशिक_रोड_ऑटो
टॅली सोडा, झोहोचं हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्या, ब्राउझरमध्ये चालतं, चेन्नईची कंपनी आहे.

अकोला_सरकी_पेंड
सहा माणसांची टॅलीची सवय मोडायची म्हणजे सहा महिने गेले.

नाशिक_रोड_ऑटो
आमच्याकडे पंधरा दिवसांत शिकले सगळे. शिकवायची तयारी पाहिजे मालकाची.

लातूर_औषधवाले
शिरोलीवाल्यांना अनुमोदन, दोन नेट हवीतच. आणि छपाईचं कुणी बोललं नाही. आमचं डॉट मॅट्रिक्सवर तीन प्रतींचं बिल निघतं, क्लाऊडवर गेल्यावर पहिला आठवडा प्रिंट निम्म्यात थांबायची, काउंटरवर गिऱ्हाईक उभं. डिजिटल सहीचा यूएसबी टोकनही (पेनड्राइव्हसारखा असतो तो) तिकडे दिसत नव्हता, शेवटी रिटर्न भरायला एक साधा कॉम्प्युटर वेगळा ठेवला.

अनुजा_कोथरूड
आमचा क्लाऊडवाला एक दिवस फोन उचलेनासाच झाला, स्वस्त होता म्हणून घेतला होता. ऑफिसला कुलूप. डेटा मिळायला वीस दिवस लागले, तोही एका ओळखीच्या माणसामुळे. सोडून जाताना डेटा किती दिवसांत, कशा रूपात देणार हे आधी लेखी घ्या. आणि ते क्लाऊडवर बॅकअप घेतात म्हणून निवांत राहू नका, आठवड्याला एक प्रत तुमच्या हातात पाहिजे.

सांगली_मार्केटयार्ड
नेट गेलं तर बिल कसं फाडणार पण?

शिरोली_फौंड्री
पाच कोटींच्या वर उलाढाल असली की ई-इन्व्हॉइसला, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवायला, नेट लागतंच, मग तो मुद्दा राहतोच कुठे?

गणपतीपेठ_सांगली
आमची उलाढाल तीन कोटींच्या आसपास, ई-इन्व्हॉइस लागत नाही. आणि माझं सगळं तिथंच अडतंय बघा. पावसाळ्यात नेट दोन-दोन तास जातं, नेमकी तेव्हाच मोटार-पाईपची गर्दी, गावाकडची माणसं टेम्पो घेऊन थांबलेली असतात.

चार दिवस विचार केला. क्लाऊडवर जात नाही. ६२ हजाराचं साधं मशीन इन्व्हर्टरसकट घेतलं, पहिल्या मजल्यावर ठेवलं, दुकानात केबल खाली आणली. यंदा बजेट मोडलं, पुढची वर्षं जवळजवळ काहीच खर्च नाही. रोज संध्याकाळी टॅलीतून बॅकअप काढून ती फाईल गूगल ड्राइव्हवर, १०० जीबीचे वर्षाला १३०० भरले. चालू डेटाचं फोल्डरच सिंकला (आपोआप ड्राइव्हवर चढायला) लावणार होतो, वर्षाताईंनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं की तसं करू नका, काम चालू असताना फाईल अर्धवट वर जाते आणि डेटा खराब होतो. काल मुलीच्या लॅपटॉपवर तो बॅकअप उघडून बघितला, परवापर्यंतची सगळी बिलं आली. २०१९ ला एवढं असतं तर दिवाळी घरात झाली असती.

शिरोली_फौंड्री
चुकताय असं माझं स्पष्ट मत. दोन वर्षांनी परत इथेच विचारायला याल.

न्यूजर्सी_मराठी
निदान ड्राइव्हच्या खात्याला दोन पायऱ्यांचा लॉगिन (पासवर्डनंतर मोबाईलवरही खात्री) लावा, आणि पासवर्ड सगळ्या पोरांना देऊ नका.

लातूर_औषधवाले
बाहेरची डिस्क घेतलीत का? घेतली असेल तर काम झालं की काढून ठेवा.

गणपतीपेठ_सांगली
घेतली. शनिवारी भरतो आणि विश्रामबागला घरी नेतो, तिकडं पुराचं पाणी येत नाही.