मदत हवी आहे: 'रेड रॉकेट' पंपाचं छप्पर आणि गंज

मंडळी, 'फॉलआउट: वेस्टलँड वॉरफेअर' या छोट्या आकृत्यांनी टेबलावर खेळायच्या खेळासाठी ३ बाय ३ फुटांचं टेबल उभारतोय. आकृत्या ३२ मिमीच्या. मध्यभागी २०१५ च्या 'फॉलआउट ४' या व्हिडिओ गेममधला रेड रॉकेट पंप हवाय, तोच, जिथे डॉगमीट हा कुत्रा भेटतो.

तळाला एमडीएफ, भिंती सनबोर्डच्या (फोमचा हलका बोर्ड). तिथवर ठीक. अडलंय ते छपराच्या गोलाईपाशी. सनबोर्डला आतून अर्धे छेद देऊन वाकवला तर बाहेरून कंगोरे दिसतात, आणि पुट्टी घासताना कडा तुटतात. हीट गनने कुणी वाकवलाय का? की सरळ पीव्हीसी पाइप उभा चिरून वापरू?

वरच्या रॉकेटचं टोक थर्माकोलचं कोरणार आहे. स्प्रेच्या डब्यातला रंग थर्माकोल खातो, म्हणून आधी फेविकॉलचे दोन हात. पुरतील ना?

आता गंज. तपकिरी रंग, त्यावर हेअरस्प्रे, मग लाल ॲक्रिलिक आणि ओल्या ब्रशने खरवडायचं, ही पद्धत माहीत आहे. पण पावसाळ्यात इथे काहीच धड वाळत नाही. लाल थर कधी पापुद्र्यासारखा अख्खा निघतो, कधी हलतच नाही. दोन थरांमध्ये किती वेळ सोडता? स्पंजने ठिपके देणं जास्त भरवशाचं वाटतं, पण मोठ्या पत्र्यावर ते फार एकसारखं दिसतं.

जाता जाता: भंगार गाड्यांसाठी १:६४ प्रमाणातल्या खेळण्यातल्या गाड्या फारच बुटक्या दिसतात. १:४३ च्या स्वस्तात कुठे मिळतील? रंग उडालेल्या, चाकं नसलेल्याही चालतील.