मदत हवी आहे : बेळगावात रेडिओ-टीव्हीचा माल कुठून यायचा?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदारीवर लेख लिहितोय. मोठ्या साखळ्यांची माहिती जमली आहे. विजय सेल्स १९६७ साली माहीमच्या छोट्या दुकानातून सुरू झालं. टाटांच्या इन्फिनिटी रिटेलने क्रोमाचं पहिलं दालन २००६ मध्ये जुहूत उघडलं, तेव्हा मालखरेदीला ऑस्ट्रेलियाच्या वूलवर्थ्सची साथ होती.

अडलंय ते आपल्या भागाचं. ठाण्यात बनणारा मर्फी रेडिओ खडेबाजारातल्या दुकानात थेट मुंबईहून यायचा की पुणे-कोल्हापूरच्या घाऊक व्यापाऱ्याकडून? की राज्य बदलल्यावर एजन्सी हुबळी-बेंगळुरूकडे गेली? माझ्या मते आपल्या बाजारपेठेची खरी गोष्ट यातच आहे, आणि ती कुठेच लिहिलेली दिसत नाही.

जुन्या वर्तमानपत्रांतल्या दिवाळीच्या जाहिराती चाळल्या, पण त्यात फक्त स्थानिक दुकानाचं नाव असतं. घरी एक गॅरंटी कार्ड सापडलं. त्यावरच्या जांभळ्या शिक्क्यात 'बेळगाव' वाचता येतं, वितरकाची ओळ मात्र पुसली आहे. पोस्टाचं रेडिओ लायसन्सचं पुस्तकही आहे, त्यातून विक्रेता कळत नाही.

१९५६ ते १९८५ एवढाच काळ हवा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी कुठलंही चालेल. मूळ कागद नको, मोबाईलवर काढलेला फोटो पुरे; गिऱ्हाइकाचं नाव झाकून पाठवा. जुन्या दुकानदारांच्या घरच्यांनी ऐकीव सांगितलं तरी 'ऐकीव' म्हणूनच छापेन.

तर कुणाकडे त्या काळचं बिल, गॅरंटी कार्ड किंवा ट्रान्सपोर्टची पावती आहे का, ज्यावर माल पाठवणाऱ्या वितरकाचं गाव दिसतं?