एक्झिक्युशन ही कोचची पळवाट? मग ओहायो स्टेटचं काय?

कोलंबसवासी: कालच्या अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या धाग्यावर कोणीतरी ठोकून दिलंय, "ऑफेन्स (चढाई) सुधारायचा तर नवे प्ले (आखलेल्या चाली) आणा. एक्झिक्युशन (चाल बिनचूक पार पाडणं) वगैरे हरलेल्या कोचच्या पळवाटा." रात्री झोप लागली नाही. २०२४ आठवा. ३० नोव्हेंबरला घरच्या मैदानावर आमच्या ओहायो स्टेटची मिशिगनकडून १३-१० हार. आमच्या क्वार्टरबॅक (पास फेकणारा) विल हॉवर्डचे दोन इंटरसेप्शन (विरोधकांनी झेललेले पास), वर दोन फील्ड गोल हुकलेले. तीन आठवड्यांनी प्लेऑफमध्ये टेनेसीला ४२-१७ हरवलं, मग ओरेगनला ४१-२१, टेक्ससला २८-१४ आणि फायनलला नोत्र दामला ३४-२३! तीच पोरं, चाली ठरवणारा कोचही तोच चिप केली. फायनलला हॉवर्डचे पहिले तेराच्या तेरा पास पूर्ण. हे काय नव्या प्लेंनी झालं?

निळा_पिवळा: पोरं तीच, पण मागवलेले प्ले तेच होते का? मधे आमच्या मिशिगनचे ग्रॅहम आणि ग्रँट भिंतीसारखे उभे, आणि तुमचे लोक मधूनच बॉल पळवतायत. अख्ख्या सामन्यात पळून ७७ यार्ड. भिंतीवर डोकं कितीही नीट आपटलं तरी फुटतं डोकंच. टेनेसीविरुद्ध पहिल्याच ड्राइव्हला (चढाईच्या फेरीत) पास झेलणाऱ्या जेरेमाया स्मिथला ३७ यार्डांचा टचडाउन पास टाकला. आदल्या सामन्यात तो काय सुट्टीवर होता?

गार्डचा_बाप: दोघंही लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची रांग) विसरताय. रांगेच्या डाव्या टोकाचा लेफ्ट टॅकल सिमन्स ऑक्टोबरमध्येच जखमी होऊन बाहेर गेला, मधला सेंटर मॅकलॉफ्लिन नोव्हेंबरमध्ये. त्यांच्या मधल्या जागेवर गार्ड असलेल्या जॅक्सनला टॅकलला सरकवलं. अशी लाइन जुळायला दिवस लागतात.

माझा मुलगा हायस्कूलला गार्ड आहे. गोंगाटात क्वार्टरबॅकचं ऐकू येत नाही, म्हणून गार्ड मागे बघतो, इशारा मिळाला की सेंटरला थाप मारतो, मग स्नॅप (सेंटर बॉल मागे देतो). एकदा याने थाप आधीच मारली. बॉल बेसावध क्वार्टरबॅकच्या कानाजवळून मागे, पंधरा यार्ड पाण्यात. प्ले झकास होता हो! पुढचा आठवडा कोचने फक्त ती थाप घोटून घेतली. जेवतानाही पोरगं टेबलावर थापा मारायचं.

तिरकस_तात्या: थापा मारण्यात आपणही कमी नाही. दोन कोटी डॉलरच्या आसपासचा रोस्टर (खेळाडूंचा संच) असला की एक्झिक्युशन आपोआप सुधारतं. इथे मुलीच्या आउट-ऑफ-स्टेट फीपायी मी दहा वर्षं जुनी गाडी ढकलतोय, आणि एकोणीस वर्षांच्या पोराला बॉल झेलायचे लाखो!

शनिवारची_शेफ: तात्या, झेलून दाखवा. २०२१ पर्यंत कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातींसाठी स्वतःचं नाव विकायलाही बंदी होती. स्टेडियम भरायचं त्यांनी, पगार घ्यायचा कोचने. तेव्हा तुमची गाडी नवी होती का?

तिरकस_तात्या: गाडीवर जाऊ नका. कॉलेज शिकायला असतं एवढंच म्हणतोय.

शनिवारची_शेफ: मी टीए (शिकवण्यातली मदतनीस) होते. होमवर्क तपासताना एका लाइनमनने येऊन विचारलं, "माझं दुसरं गणित कुठे चुकलं?" गुडघ्याला बर्फ बांधलेला. बाकीचे फक्त मार्क वाढवून मागायचे. कोण शिकायला येतं ते मला नका सांगू.

तिरकस_तात्या: एक लाइनमन म्हणजे पुरावा झाला. धन्य आहात.

गार्डचा_बाप: तात्या, तुमची फी हासुद्धा एकाच बापाचा पुरावा आहे.

कोलंबसवासी: अहो, धागा ऑफेन्सचा आहे! निळे-पिवळे, फायनलच्या शेवटी थर्ड अँड ११ ला (तिसरा प्रयत्न, अजून ११ यार्ड हवेत) स्मिथला ५६ यार्डांचा पास. तो प्ले, की एक्झिक्युशन?

निळा_पिवळा: तिथे फेकायचं धाडस केलीचं. बॉल नेमका हातात पडला, ते हॉवर्डचं. घ्या, निम्मं दिलं. पण तेच धाडस ३० नोव्हेंबरला कुठे शेण खायला गेलं होतं?

कोलंबसवासी: निम्मं देताय ते १३-१० च्या माजावर. ट्रॉफी कोणाकडे गेली?

निळा_पिवळा: तुमच्याकडे. ३० नोव्हेंबरला तुमच्या मैदानावर झेंडा मात्र आमचा रोवला होता.

तिरकस_तात्या: झेंडा कोणाच्या फीतून आला?