उत्तर: रक्तातलं सेरोटोनिन आणि मुलगे-मुली

वर कुणीतरी म्हटलंय की ऑटिझममध्ये रक्तात सेरोटोनिन (मेंदूत निरोप पोचवणारं, पण शरीरात इतरत्रही असणारं रसायन) जास्त सापडतं म्हणजे मेंदूतही जास्तच असणार, आणि म्हणूनच मुलग्यांत ऑटिझमचं प्रमाण जास्त. इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. रक्तात जास्त सापडतं हे खरं, १९६१ पासून माहितीय, पण ते साधारण चारातल्या एकातच, सगळ्यांत नाही. आणि ते सेरोटोनिन बनतं आतड्यात, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) ते साठवून फिरवतात, मेंदूत ते शिरतच नाही! मेंदू स्वतःचं वेगळं बनवतो, ते बनवणारं एन्झाइमसुद्धा वेगळं.

मुलगे-मुलींचा मुद्दा मात्र इंटरेस्टिंग आहे. १९९७ च्या एका पेट स्कॅन (शरीरात चाललेल्या रासायनिक क्रिया दाखवणारं स्कॅन) अभ्यासात निरोगी पुरुषांच्या मेंदूत सेरोटोनिन बनायचा वेग बायकांपेक्षा सरासरी ५२ टक्के जास्त दिसला होता. त्याच वर्षी संशोधक चुगानींच्या टीमला सातही ऑटिस्टिक मुलग्यांच्या मेंदूत डाव्या-उजव्या बाजूला ते बनण्यात ठळक फरक दिसला, आणि एकुलत्या एका मुलीत तो नव्हता. आता एका मुलीवरून काय बोलणार, पण बहुतेक अभ्यासांत मुली अशाच मोजक्या असतात, त्यामुळे "ऑटिझममधलं सेरोटोनिन" म्हणून आपण जे वाचतो ते बरंचसं मुलग्यांचंच असतं.